विसाव्याच्या वर्षातले सात दिवस

१२ मे २०२२, गुरुवार. जेरुसलेम

रेवदंड्याला आमच्या वाडीच्या कुंपणापलीकडे एका बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, कुटुंबाची नारळाची वाडी होती. मी आठ वर्षांची असताना, १९६८ साली, ते कुटुंब इस्रायलला निघून गेले. कृषी खात्यातली नोकरी संपल्यावर त्या घरच्या काकूंना एकदा भेटून यावे असे फार मनात होते. २०२० साली ठरलेला प्रवास करोनामुळे राहून गेला, आणि तो प्रत्यक्षात घडला तेव्हा योगायोगाने तेथे श्मिताचे वर्ष चालू होते. ज्यू पंचांगाचे हे ५७८२ वे वर्ष गेल्या सप्टेंबरात सुरू झाले असून येत्या सप्टेंबरात संपेल. सहा वर्षे पेरा, छाटा, कापा. सातव्या वर्षी जमिनीला विसावा द्या आणि आपोआप जे उगवेल ते गरिबाला, परक्याला आणि रानातल्या जनावरालाही खाऊ द्या, असे तोरेतील, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथातील, निर्गम आणि लेवीय या पुस्तकांत सांगितले आहे. जन्मभर शेतकऱ्यांना जास्त पिकवायला शिकवणाऱ्या मला हा नियम डोळ्यांनी पाहायचा होता.

काकूंचा पुतण्या जेरुसलेमला राहतो. त्याचा जन्म इकडचा, तरी घरात ऐकलेल्या मराठीवर तो बरेच निभावून नेतो आणि मला ताई म्हणतो. संध्याकाळी त्याने मला महाने येहुदा या मोठ्या बाजारात नेले. भाजीच्या ढिगांपेक्षा माझे लक्ष त्यांच्यावर लावलेल्या हिब्रू पाट्यांकडे गेले, आणि त्या वाचून दाखवता दाखवता त्याने माझी पहिली शिकवणी घेतली. एका पाटीवर माल परदेशचा असल्याचे लिहिले होते. दुसऱ्या ढिगातला माल ज्यू नसलेल्या शेतकऱ्याच्या शेतातला होता. तिसरा 'हेतेर मेखिरा'चा, म्हणजे श्मितापुरती जमीन कागदोपत्री ज्यू नसलेल्या माणसाला विकून तिच्यावर पिकवलेला. ही वाट १८८८-८९ च्या श्मितात निघाली, नव्याने वसलेल्या वसाहतींतली माणसे उपाशी मरू नयेत म्हणून, आणि पुढे १९०९-१० मध्ये रब्बी (ज्यू धर्मगुरू) कूक यांनी तिला आधार दिला. आजही अनेक कर्मठ घरे ती मानत नाहीत. चौथा प्रकार 'ओत्झार बेत दिन'चा. यात फळबाग धर्मन्यायालयाच्या देखरेखीखाली जाते, शेतकरी त्या न्यायालयाचा मजूर होतो, आणि गिऱ्हाईक पैसे देते ते तोडणीचे आणि वाहतुकीचे. फळाला मोल नसते.

मी ज्या टोमॅटोंसमोर उभी होते ते तुर्कस्तानातून आले होते आणि पलीकडच्या काकड्या जॉर्डनमधून. जॉर्डन हा जगातल्या सर्वांत पाणीटंचाईच्या देशांपैकी एक आहे. या डोंगरावरची माती वर्षभर निजावी म्हणून नदीपलीकडची माती जागी ठेवायची आणि तिकडचे पाणी काकडीत भरून इकडे आणायचे, याने नियम पाळला जातो. पण नियमामागचा हेतू पाळला जातो का, असे मी विचारले. पुतण्या थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, ''ताई, हा प्रश्न आमच्या घरात दर सात वर्षांनी जेवायला बसतो.''

१३ मे, शुक्रवार. जेरुसलेम

शब्बातच्या, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या, आदल्या दुपारी हा बाजार आपल्याकडच्या दिवाळीच्या आदल्या संध्याकाळसारखा असतो. हलव्याच्या एका दुकानात तिळाची पोती आणि दगडी जाते मांडले होते. उत्तम ताहिनीसाठी, म्हणजे तिळाच्या वाटणासाठी, तीळ इथिओपियातल्या हुमेरा भागाचाच हवा, असे दुकानदाराने मोठ्या अभिमानाने सांगितले. मासळीच्या बर्फावर नॉर्वेचा सामन होता.

खाटकाच्या दुकानात मात्र मी बराच वेळ थांबले. इस्रायलमध्ये येणारे गोठवलेले गोमांस मुख्यतः अर्जेंटिना, उरुग्वे आणि पॅराग्वे या देशांतून येते, आणि ते कोशर, म्हणजे धर्मनियमांप्रमाणे खाण्याजोगे, ठरावे म्हणून धर्मशिक्षित कसायांची पथके इस्रायलहून तिकडच्या कत्तलखान्यांत जाऊन महिनोन्‌महिने राहतात. सुरीच्या पात्याला केसाएवढी खाच नाही ना, हे नखावरून पाते फिरवून पाहायचे. जनावराच्या फुप्फुसाला दोष नाही ना, हे हाताने चाचपायचे. रक्त निघून जावे म्हणून मांस भिजवून मिठात ठेवायचे. इतक्या बारकाईने, इतक्या दूरवर माणसे पाठवून अन्नाची विचारपूस करणारा दुसरा समाज मला माहीत नाही, आणि याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. म्हणूनच पुढची गोष्ट जास्त लागते. पॅराग्वेच्या चाको भागात गुरांच्या कुरणांसाठी जंगले फार मोठ्या प्रमाणावर तोडली गेली आहेत, आणि शिक्का मारणाऱ्याने त्या झाडांविषयी विचारावे अशी अपेक्षाच नाही. खरे तर झाडांविषयीची आज्ञा या धर्मात फार जुनी आहे. एखाद्या नगराला वेढा घातलास तरी तिथली फळझाडे तोडू नकोस, असे तोरेतील अनुवाद या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात आहे. त्यावरूनच 'बाल तश्खित', म्हणजे नासधूस करू नये, हे तत्त्व निघाले. बाराव्या शतकात मैमोनिदेस या ज्यू धर्मपंडिताने त्याची व्याप्ती स्पष्ट करताना भांडी फोडणारा, कपडे फाडणारा, झरा बुजवणारा आणि अन्न वाया घालवणारा या सगळ्यांना त्यात गोवले. १९७० च्या दशकात अमेरिकेतले रब्बी झल्मन शाख्तर-शालोमी यांनी 'इको-कोशर' हा शब्द काढला तो याच दोन टोकांना जोडण्यासाठी: मांस नियमाने कापलेले असेल, पण ते ज्या जमिनीवर वाढले तिचे काय झाले, हाही कोशरचाच प्रश्न मानावा.

संध्याकाळी पुतण्याच्या बायकोने शब्बातच्या पावाची कणीक मळली. ती मोरोक्कोतून आलेल्या घरातली. मळून झाल्यावर तिने लिंबाएवढा गोळा तोडून बाजूला काढला, आशीर्वाद म्हटला आणि तो गोळा चुलीवर जाळून टाकला. पूर्वी हा वाटा पुरोहिताला जाई. आता जेरुसलेमचे प्राचीन मंदिर उरले नाही, म्हणून तो कोणीच खात नाही. मला आमच्या घरची गायीची पोळी आणि चित्राहुती आठवली. मी पिठाची पिशवी उलटून पाहिली. दळणाऱ्याचे नाव होते, शिक्का होता, पण गहू कुठला याची नोंद नव्हती. या देशाला लागणारा बहुतांश गहू बाहेरून येतो, आणि युक्रेन-रशिया हे त्यातले मोठे पुरवठादार. युद्ध सुरू होऊन तेव्हा अडीच महिने झाले होते. याच देशाच्या उत्तरेला रोश पिना येथे १९०६ साली आरोन आरोनसन या शास्त्रज्ञाला खपल्याचा रानटी पूर्वज उभा सापडला होता. गव्हाचे माहेर इथे, आणि गहू येतो जहाजाने.

१४ मे, शनिवार. जेरुसलेम

शब्बातच्या दिवशी घरात दिवा लावायचा नाही, गॅस पेटवायचा नाही, फोन उघडायचा नाही. आदल्या दिवशीपासून मंद आचेवर ठेवलेले जेवण दुपारी वाढले जाते. एका दिवसाचा हा विसावा आणि एका वर्षाचा तो विसावा एकाच घडणीचे आहेत, हे मला त्या शांततेत बसल्यावर नीट कळले. लेवीय २५ मध्ये श्मितालाही 'भूमीचा शब्बात' असेच म्हटले आहे.

जेवणानंतर पुतण्याने तल्मूदचा, म्हणजे रब्बींच्या धर्मचर्चांच्या ग्रंथाचा, एक खंड उघडला आणि शब्बात या भागातली एक चर्चा वाचून दाखवली, जी मी विसरणार नाही. रव हिस्दा म्हणतात की ज्याला जवाची भाकर परवडते, तरी जो गव्हाची खातो, तो नासधुशीचा दोषी. रव पापा पुढे म्हणतात की ज्याला बियर पिता येते, तरी जो द्राक्षारस पितो, तोही दोषी. आणि लगेच तल्मूद दोघांनाही अडवते: असे नाही, शरीराची नासधूस टाळणे अधिक महत्त्वाचे. म्हणजे साधे खाऊन पृथ्वीवरचा भार कमी करावा हा विचार पंधराशे वर्षांपूर्वी मांडला गेला, आणि आपल्या अंगाला काय मानवते हे त्याच पानावर त्याच्या समोर उभे केले गेले. पर्यावरणाविषयीच्या आपल्या सभांमध्ये ही दुसरी बाजू फार वेळा राहून जाते. नाचणी खा म्हणणाऱ्याने ती कोणाला पचते आणि कोणाला नाही हेही विचारले पाहिजे, हे मी नोकरीत उशिरा शिकले.

तारे दिसल्यावर मेणबत्ती, मसाला आणि द्राक्षरस यांनी शब्बात संपवला गेला. मग ओमेरची गणती झाली, एकोणतिसावा दिवस. जवाच्या कापणीपासून गव्हाच्या कापणीपर्यंतचे एकोणपन्नास दिवस मोजण्याची ही रीत शहरातल्या चौथ्या मजल्यावर, शेताचा मागमूस नसताना, अजून चालू आहे. त्यानंतर मी फोन उघडला तर पहिली बातमी आमच्याकडची. उन्हाळ्याच्या झळांनी गव्हाचे उत्पादन घटल्यामुळे भारत सरकारने १३ मे पासून गव्हाच्या निर्यातीवर बंदी घातली होती. मी ती पुतण्याला सांगितली आणि तो उठून तल्मूदचा बावा बात्रा हा खंड घेऊन आला. त्यात नव्वदाव्या पानावर नियम आहे की ज्या पदार्थांवर माणसाचा जीव तगतो, जसे पीठ, तेल, द्राक्षारस, ते इस्रायलच्या भूमीतून बाहेर पाठवू नयेत. एका रब्बीने द्राक्षारस बाहेर पाठवायला परवानगी दिली ती एवढ्यासाठी की त्याने घरचा उथळपणा कमी होईल. त्याच ठिकाणी धान्याची साठेबाजी मना केली आहे, फक्त श्मिताच्या आदल्या वर्षी तीन वर्षांपुरते साठवायला मुभा आहे. आम्ही दोघे त्या पानावर बराच वेळ बसलो. निर्यातबंदीने आमच्या शेतकऱ्याला वाढलेला भाव मिळत नाही, हे मला ठाऊक आहे आणि ते दुःख खरे आहे. पण अन्न हा इतर मालासारखा माल नव्हे, ही गोष्ट इतक्या स्पष्टपणे, बाजारभावाच्या आकड्यांआधी, लिहून ठेवलेली मी प्रथमच वाचत होते.

१५ मे, रविवार. बेर्शेवाजवळ

सकाळच्या बसने नेगेव वाळवंटात उतरले. बेर्शेवाच्या पश्चिमेला हात्झेरिम हा किबुत्झ, म्हणजे सामुदायिक शेतीची वसाहत, आहे, जिथे १९६५ साली ठिबक सिंचनाचा कारखाना उभा राहिला. ठिबकची नळी महाराष्ट्राने ज्या वेगाने आपलीशी केली, आणि जळगावच्या जैन इरिगेशनने २००७ मध्ये नान आणि दान या दोन किबुत्झांच्या कंपनीत निम्मी भागीदारी घेतली, त्याचा मला नोकरीतून जवळून परिचय होता. आज मात्र मला बंद नळी पाहायची होती.

पुतण्याच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने श्मिता पूर्ण पाळली आहे. त्याची डाळिंबाची बाग लाल फुलांनी भरली होती, आणि बुंध्याशी फुटव्यांचे रान माजले होते. सोलापूरच्या कोणत्याही बागाइतदाराचा हात ते पाहून कात्रीकडे गेला असता. छाटणी नाही, नांगरट नाही, खत नाही. पाणी द्यायचे की नाही, हे मी विचारले तेव्हा त्याने फार नेमके उत्तर दिले. झाड जगावे यासाठी जे करावे लागते ते चालते. झाड सुधारावे यासाठी केलेले चालत नाही. म्हणून तो दर काही दिवसांनी वाकून मातीत बोट खुपसतो, पानांची कड तपासतो आणि झाड मरणार नाही एवढ्यापुरताच वॉल्व्ह उघडतो. आम्ही गेलो तेव्हा त्याने माझ्यासमोर तो अर्धा फिरवला. थेंब पडू लागले, मातीवर रुपयाएवढा काळा डाग उठला, तळव्याएवढा झाला, आणि त्याने वॉल्व्ह बंद केला. जगवणे आणि पिकवणे यांच्यामध्ये रेघ कुठे असते, याचा विचार तीस वर्षांत मला कधी करावा लागला नव्हता. बागेचे फाटक उघडे होते आणि त्यावर हाताने लिहिलेला कागद होता की इथले फळ कोणाचेही आहे. हे वर्ष त्याला परवडते ते साठवणीच्या, कर्जाच्या आणि थोड्याफार मदतीच्या जोरावर. पुढच्या वर्षी गिऱ्हाईक परत येईल का, ही काळजी त्याने लपवली नाही.

१६ मे, सोमवार. दिमोना

काकू आता पंच्याऐंशीच्या आहेत. दार उघडून त्यांनी मला पाहिले आणि ''बाय, किती गो मोठी झालीस!'' म्हणाल्या. मी बासष्ट वर्षांची आहे.

दिमोना हे १९५५ साली वाळवंटात वसवलेले गाव. कोकणातून आलेल्या बेने इस्रायलींची येथे मोठी वस्ती आहे, आणि दुकानांतून पोहे, कोकमे, चिंच सारे मिळते. घरात 'मायबोली' या इस्रायलमधून निघणाऱ्या मराठी नियतकालिकाचे अंक होते. माझ्या येण्याचे निमित्त करून काकूंनी मलिदा केला होता: भिजवलेले पोहे, गूळ, ओले खोबरे, वेलची आणि भोवती फळे. अलिबाग तालुक्यातल्या खंडाळ्याला एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या खडकापाशी लहानपणी मी त्यांच्याबरोबरच गेले होते आणि हाच प्रसाद खाल्ला होता. प्रत्येक जिनसाला वेगळा आशीर्वाद म्हणून मगच ती तोंडात घालायची असते: झाडाच्या फळाचा वेगळा, जमिनीतल्या पिकाचा वेगळा. ताटातला पदार्थ कुठे वाढतो हे ठाऊक असल्याशिवाय आशीर्वादच म्हणता येत नाही, हे मला आता मोठेपणी उमगले.

दुपारी त्यांनी मटणाचा रस्सा नारळाच्या दुधात केला. मांसात गायी-म्हशीचे दूध किंवा दही घालायचे नाही हा नियम. रेवदंड्याला तो पाळायला कष्टच नव्हते, कारण नारळ कुंपणाशी होता. बकरे गावातले, कापणारा हज्जान, म्हणजे प्रार्थना चालवणारा, ओळखीचा, आणि शिक्क्याची गरज कोणालाच नव्हती. आमच्याकडे बेने इस्रायलींना शनिवार तेली म्हणत, शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून, आणि तो घाणा कोणाचा, तेल कोणत्या तिळाचे, हे अख्ख्या गावाला माहीत होते. दिमोनाच्या ओट्यावर नारळाचे दूध थायलंडच्या डब्यात होते, पोहे भारतातले, मटण गोठवलेले, आणि प्रत्येकावर कोशरचा शिक्का. काकू तो शिक्का चष्मा लावून तपासतात. नियम तसूभरही बदललेला नाही. शेजारी दूर गेला, म्हणून त्याच्या जागी शिक्का आला. अमेरिकेत १९३५ साली अटलांटाच्या रब्बी टोबायस गेफन यांना कोका-कोला कोशर आहे का असे विचारले गेले, आणि गुप्त पाककृती पाहून त्यांनी त्यातल्या चरबीपासून काढलेल्या ग्लिसरिनवर बोट ठेवले. कंपनीने मग वनस्पतींपासूनचे ग्लिसरिन वापरले. एका धर्मगुरूच्या प्रश्नाने एवढ्या कारखान्याचे सूत्र बदलते, तर तोच प्रश्न पाण्याबद्दल आणि जंगलाबद्दलही विचारता येईल, असे मला वाटते, आणि मी ते काकूंना बोलून दाखवले. त्या म्हणाल्या, ''विचारणारा पाहिजे ना बाय. आमी शिक्का वाचतो नि गप होतो.''

संध्याकाळी गल्लीतली मुले लाग बाओमेरच्या, म्हणजे ओमेरच्या तेहतिसाव्या दिवसाच्या, होळ्यांसाठी फळ्या ओढत नेत होती. काकू गॅलरीतून त्यांना हिब्रूत ओरडल्या की कोणाच्या कुंपणाची फळी असेल तर परत ठेवा.

१७ मे, मंगळवार. अरावा

दिमोनाहून रस्ता उतरू लागला की खाली मृत समुद्राच्या दक्षिण टोकाची मिठागरे दिसतात. या पाण्यातून पोटॅश काढतात, आणि भारत आपल्या गरजेचे पोटॅश ज्या देशांतून आणतो त्यांत इस्रायल आहे. उसाला आणि द्राक्षाला पोटॅशच्या मात्रा लिहून देताना मी या पाण्याचा कधी विचार केला नव्हता. जॉर्डन नदीचे पाणी वरच्या अंगाला अडवले गेले, खाली ते खनिजांसाठी उन्हात आटवले जाते, आणि मृत समुद्राची पातळी वर्षाला सुमारे एक मीटरने उतरते आहे. किनाऱ्यावर हजारो ठिकाणी जमीन खचली आहे. जगभर फिरणाऱ्या अन्नाचे बिल कुठे तरी भरले जाते; त्यातली एक जागा मी त्या वळणावरून पाहिली.

मृत समुद्राच्या दक्षिणेला पसरलेल्या अरावा खोऱ्याचा दक्षिण भाग पुष्कळ धर्मशास्त्र्यांच्या मते इस्रायलच्या प्राचीन सीमेबाहेर पडतो, म्हणून तिथे श्मिता लागू होत नाही आणि या वर्षी तिथल्या भाजीला मोठी मागणी आहे. एइलातच्या उत्तरेला सुमारे ५० किलोमीटरवर केतुरा हा किबुत्झ आहे. १९९६ पासून येथे पर्यावरणाभ्यासाची अरावा संस्था चालते आणि इस्रायली, पॅलेस्टिनी, जॉर्डनी विद्यार्थी एकत्र शिकतात, कारण पाण्याला सीमा कळत नाही. मसादा या प्राचीन किल्ल्याच्या उत्खननात सापडलेले सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे खजुराचे बी येथे २००५ साली रुजवले गेले. त्या झाडाला मेथुशेलह म्हणतात. कुंपणाआड उभे असलेले ते झाड दिसायला इतर खजुरांसारखेच आहे. ते नर आहे. त्याच्या परागाने हन्ना नावाच्या, तितक्याच जुन्या बियांपासून उगवलेल्या मादी झाडाला २०२० मध्ये फळे आली. आसपासच्या बागांतला मेजूल खजूर मात्र मूळचा मोरोक्कोचा, जो तिथल्या झाडांवर रोग पसरल्यावर १९२७ मध्ये ११ फुटव्यांच्या रूपाने अमेरिकेत नेला गेला आणि तिथे वाढला. पिकांचे प्रवास वाईटच असतात असे मी म्हणणार नाही. या ११ फुटव्यांनी मेजूलला अमेरिकेत नवे घर दिले.

१८ मे, बुधवार. दिमोना

विमान रात्रीचे होते. सकाळी काकू मला अंगणात घेऊन गेल्या. तिथे लोकाटाचे एक झाड आहे आणि त्यावर शेवटची पिवळी फळे होती. अंगणाचे दार वर्षभर उघडे असते. मुले येऊन खाऊन जातात. मी म्हटले की डझनभर फळे पिशवीत घालून रेवदंड्याला नेते, कुंपणाशी उभी राहून खाईन. काकूंनी मान हलवली. श्मिताचे फळ विकायचे नाही, वजनावर मोजायचे नाही, नासवायचे नाही आणि देशाबाहेर न्यायचे नाही.

''मग काय करायचे?'' मी विचारले.

''मग काय, हितंच खायची.''

आम्ही पायरीवर बसलो. काकू एकेक फळ सोलून माझ्या हातात देत होत्या. साली आणि सालींना चिकटलेला गर त्या एका वेगळ्या पिशवीत टाकत होत्या, कारण पवित्र वर्षाचे उष्टेही कचऱ्यात मिसळायचे नसते, ते आपोआप कुजेपर्यंत बाजूला ठेवायचे असते. फळ आंबटगोड होते, थोडे उन्हाने कोमट झालेले. काकूंनी पिशवीचे तोंड बांधले आणि ती स्वयंपाकघराच्या दाराशी, नेहमीच्या डब्यापासून दूर, खुंटीला अडकवली.